देखणी, पण पसरणारी झाडे: सोसायटीच्या बागेत काय ठेवायचे आणि काय मुळासकट काढायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी सोसायटी, मागच्या कुंपणाला लागून पावसाळी ओढा. दोन वर्षांपूर्वी बागेच्या ठेकेदाराने उतारावर जमिनीवर पसरणारी वेडेलिया लावली, पायवाटेच्या कडेला रुएलियाची फुलझाडे, कुंपणाच्या जाळीवर गुलाबी अँटिगोनॉनची वेल, फाटकाजवळ रंगीत टणटणी, आणि मोकळ्या कोपऱ्यात कॉसमॉसचे बी फेकले. आता वेडेलिया लॉनमध्ये घुसली आहे आणि रुएलिया फरशीच्या फटींतून उगवते. काही सभासदांचे म्हणणे, फुले छान आहेत, राहू द्या. माळी म्हणतो, छाटून टाकू. काय काढावे, कसे काढावे आणि त्या जागी काय लावावे?

आधी निर्णय सांगतो. वेडेलिया, अँटिगोनॉन आणि कॉसमॉस पूर्ण काढा. टणटणीला फळे धरत असतील तर तीही काढा. रुएलिया कष्ट घेऊन ठेवता येईल, पण दर आठवड्याला लक्ष देणारा माणूस हवा. हीच झाडे चारही बाजूंनी काँक्रीट असलेल्या इमारतीत असती, तर मी इतका कडक बोललो नसतो. तुमच्या एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला ओढा आहे. बी वाऱ्याने, पाखरांनी, गुरांनी टेकडीवर जाते आणि काड्या पाण्याबरोबर ओढ्यातून खाली नदीपर्यंत. तुमच्या बागेतून निसटलेले झाड उपटायला तिथे कोणी माळी नसतो.

माळ्याच्या ‘छाटून टाकू’ला मात्र आत्ताच थांबवा. यातले प्रत्येक झाड वेगळ्या अवयवाने पसरते आणि तो अवयव ओळखल्याशिवाय कोयता चालवला तर काम वाढते. वेडेलिया पेरातून पसरते, अँटिगोनॉन जमिनीतल्या कंदातून, कॉसमॉस फक्त बियांनी, टणटणी पाखरांनी खाल्लेल्या फळांतून आणि बुंध्याच्या फुटव्यातून, रुएलिया बी आणि जमिनीखालचे खोड अशा दोन्ही वाटांनी.

वेडेलियावर सविस्तर बोलतो, कारण रस्त्यांच्या दुभाजकांपासून कोकणातल्या रिसॉर्टपर्यंत ती सगळीकडे लावली जाते आणि काढताना सर्वांत जास्त चुका तिच्याच बाबतीत होतात. मूळची ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली, तिच्यात हिचे नाव आहे. आपल्याकडचा पिवळा माका तिचा जवळचा नातेवाईक, त्यामुळे फुलावरून गल्लत होते. वेडेलियाचे पान जाड, चकचकीत आणि बहुधा तीन टोकांचे असते. माक्याचे पान लांबट, साधे.

एक काडी हातात घेऊन बघा. जिथे समोरासमोर दोन पाने फुटतात ते पेर. जमिनीवर टेकलेल्या पेराच्या पोटाला पांढऱ्या मुळ्यांचा झुपका दिसेल. न टेकलेल्या पेरावरही बारीक उंचवटे असतात, ओल मिळाली की त्यातूनच मुळ्या येतात. दोन इंचांचा तुकडा, त्यात एक पेर, एवढे नव्या झाडाला पुरते. म्हणून तिच्यावर गवत कापायचे यंत्र फिरवणे सर्वांत वाईट. एका वेलीचे शंभर तुकडे होतात, यंत्राच्या पात्याला चिकटून लॉनभर जातात आणि पहिल्या पावसात रुजतात. तुमच्या लॉनमध्ये ती बहुधा अशीच शिरली असावी. माळ्याला विचारा, उतारावर यंत्र चालवले होते का.

काढायचा हंगाम फेब्रुवारी ते मे. तिथले पाणी तीन आठवडे आधी बंद करा. जमीन वाळली की उपटलेले तुकडे पुन्हा रुजण्याआधी सुकतात. उतारावर एकदम सगळे उघडे करू नका, नाहीतर जूनच्या पहिल्या वळवात माती ओढ्यात जाईल. उताराला आडवे, चार-पाच फूट रुंदीचे पट्टे आखा आणि एक सोडून एक पट्टा हाती घ्या. पट्ट्याच्या कडेने विळ्याने खोल काप द्या, म्हणजे शेजारच्या वेलींशी नाते तुटेल. मग वरच्या बाजूने सुरुवात करून वेलींचा थर सतरंजीसारखा खाली गुंडाळत या. दोन माणसे लागतात. एकाने गुंडाळायचे, दुसऱ्याने खुरप्याने मुळांचे झुपके सोडवत यायचे. गुंडाळी लगेच गोणीत भरा, ओढत नेऊ नका, वाटेत काड्या गळतात.

यापुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर आठवडाभराने हलके पाणी मारा. मातीत राहिलेली पेरे दहा-पंधरा दिवसांत डोके वर काढतील. ती दोन पानांवर असतानाच खुरप्याने काढा. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. दोन फेऱ्यांत एकही फुटवा आला नाही, तरच पट्टा साफ समजा. सहसा तीन-चार महिने लागतात. ज्यांना एवढे मनुष्यबळ नाही, त्यांनी जमिनीलगत कापून, सगळे तुकडे गोळा करून, वर जाड काळे प्लास्टिक अंथरावे. कडा मातीत पुरायच्या आणि निदान चार महिने उघडायचे नाही. कडेने एखादी वेल बाहेर डोकावली तर तेवढीच काढायची. उतारावर मात्र प्लास्टिकखालून पाणी वाहते, तिथे पावसाळ्यात हा उपाय नको.

पहिले पट्टे साफ झाले की पावसाच्या सुरुवातीला त्यात वाळा लावा. ठोंब चार ते सहा इंचांवर, उताराला आडव्या ओळीत, दोन ओळींत तीन फूट अंतर. वाळ्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, माती धरतात, आणि ठोंब आडवा धावत नाही. तो मूळ धरेपर्यंत काथ्याची जाळी खुंट्या ठोकून अंथरावी. बाकीचे पट्टे पुढच्या उन्हाळ्यात. तोवर त्यांच्या कडेला वीतभर मोकळी पट्टी राखा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पलीकडे येणाऱ्या काड्या मागे वळवून कापा. कापलेले तुकडे तिथेच टाकायचे नाहीत.

लॉनमधली वेडेलिया वेगळी. तिथे गवत पूर्ण कापण्यापूर्वी माणसाने बसून एकेक वेल हाताने उलगडत, प्रत्येक पेर सोडवत काढायची. एका चौरसात निम्म्याहून जास्त वेडेलिया दिसली, तर तेवढा तुकडा तीन-चार इंच मातीसकट उचलून नवे लॉन बसवणे स्वस्त पडते.

अँटिगोनॉन, म्हणजे नर्सरीवाल्यांचा आईस्क्रीम क्रीपर, मेक्सिकोतला. वर दिसते ती वेल, खरे झाड खाली कंदात असते. जाळीवरची वेल दरवर्षी कापली की दरवर्षी दुप्पट जोमाने येते, कारण कंदातला साठा शाबूत असतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर, जमीन मऊ असताना काढा. वेल जमिनीपासून दीड फुटावर कापा म्हणजे धरायला मूठ राहते. वरचा भाग जाळीवर वाळू द्या, ओल्या वेली ओढल्या तर जाळी वाकते. मग बुंध्याभोवती दोन फुटांचे आळे खणून खाली जा. पहार लावून उचकटू नका, कंद तुटतो आणि तुटलेला कंद फुटतो. एका कंदाला धाग्यासारख्या मुळीने दुसरा, त्याला तिसरा जोडलेला असतो. मुळीचा माग काढत जायचे. कुंपणाच्या पायाखाली गेलेला कंद निघत नाही. तिथे दर पंधरा दिवसांनी फुटवा जमिनीलगत खुडत राहणे हाच मार्ग आहे. पाने धरू दिली नाहीत की साठा संपतो, पण एक-दोन वर्षे धीर हवा. तिची तीन कडांची बारीक फळे पाण्यावर तरंगतात, म्हणून ओढ्याच्या कुंपणावर ही वेल एक हंगामही ठेवू नये.

त्या जाळीसाठी उत्तम पर्याय आहेत. मोरवेल पावसाळ्याच्या शेवटी पांढऱ्या फुलांनी भरते. कुसर उन्हाळ्यात फुलते आणि सुगंध देते. गोकर्ण बी टाकून पहिल्याच वर्षी फुलते, बाकीच्या दोघी स्थिरावेपर्यंत तीच जाळी झाकेल. मोरवेल छाटताना हातमोजे घाला, तिचा रस काहींच्या कातडीला झोंबतो.

कॉसमॉसबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्याच्यावर लोकांचे प्रेम बसले आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला जे केशरी-पिवळे ताटवे दिसतात, ज्यांच्यात उभे राहून फोटो काढले जातात, त्यांतला मोठा भाग हा मेक्सिकोतला बागेतून सुटलेला कॉसमॉस आहे. बरेच जण त्याला सोनकी समजतात. सोनकी सहसा गुडघ्याच्या आत राहते, तिचे फूल शुद्ध पिवळे आणि पान अखंड, कडेला दातेरी. कॉसमॉस कंबरेच्या वर जातो, पान गाजराच्या पाल्यासारखे फाटलेले. सोनकी, तेरडा आणि पावसाळी गवतांना वर्षातून जेमतेम तीन-चार महिने मिळतात. त्याच काळात हा उंच वाढून त्यांच्यावर सावली धरतो. गुरे त्याला फारशी शिवत नाहीत, म्हणून चराईनेही तो मागे हटत नाही.

काढायला मात्र तो यादीतला सर्वांत सोपा. कंद नाही, पेराला मुळे नाहीत. एका हंगामाचे झाड, मुळे उथळ. ऑगस्टमध्ये, कळ्या दिसू लागताच, पाऊस पडून गेलेल्या सकाळी बुंध्याला धरून उपटा. फुले उमलल्यावर उपटलेले झाड ढिगात टाकले तर त्यावरचे बी पडल्या जागी पिकते. त्यामुळे उमललेली झाडे थेट गोणीत. बी सुईसारखे लांब, टोकाला काटे, ते कपड्यांना आणि जनावरांच्या केसांना चिकटते. शेवटी माळ्याची पॅंट आणि चपला झाडून घ्या. मातीत आधीचे बी असतेच, म्हणून ही फेरी सलग तीन-चार पावसाळे करावी लागेल, पण दरवर्षी झाडे झपाट्याने कमी होतात. त्या कोपऱ्यात तेरडा पेरा. तोही शेंगा फोडून बी उडवतो, पण तो इथल्याच डोंगरांचा आहे. आणि सोसायटीतली मुले पावसाळ्यात बीजगोळे करून टेकडीवर टाकणार असतील, तर त्यात बाजारातल्या फुलांच्या पाकिटातले बी कधीही घालू देऊ नका.

टणटणी, म्हणजे घाणेरी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेले हे झुडूप आज देशभरच्या जंगलांत आहे. तुमच्या फाटकाजवळची नर्सरीतली जात आहे, तेव्हा आधी तिची परीक्षा करा. फुलांचा गुच्छ गळल्यावर देठावर हिरवे मणी धरतात का, ते महिनाभर बघा. मणी धरून काळे झाले, की बुलबुल आणि साळुंक्या ते खाऊन टेकडीवर नेतात. मग ती जात ‘सुधारित’ आहे की नाही याला अर्थ नाही. मणी न धरणाऱ्या जातीही आहेत, पण त्यांचे पराग रानटी घाणेरीवर पडून काय होईल याची खात्री देता येत नाही. टेकडीलगत मी त्याही लावणार नाही. गुरांना हे झाड विषारी असते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. म्हणून छाटलेला पाला कुंपणाबाहेर टाकू नका.

घाणेरी वरून छाटली की बुंध्याच्या सांध्यातून झुडपासारखे फुटवे येतात. सोटमूळ आणि खोड जिथे मिळतात त्याच्या दोन-तीन इंच खाली कुदळीच्या पात्याने मूळ कापायचे, एवढीच खुबी आहे. फुटवे वरच्या भागातूनच येतात, त्या खालचे मूळ बहुधा फुटत नाही. काढलेले झुडूप मुळे वर करून दगडावर किंवा दुसऱ्या झुडपावर उलटे ठेवा. जमिनीवर टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. जाळून काही साधत नाही, आगीनंतर उरलेले बुंधे जोमाने फुटतात. त्यापुढे दोन-तीन वर्षे मोठ्या झाडांखाली पाखरे बसतात त्या जागा तपासा, रोपे तिथेच मिळतील. फुलपाखरांसाठी तुम्ही घाणेरी लावली असेल, तर कोरांटी आणि भारंगी लावा. जागा असेल तर धायटी. तिच्या लाल फुलांवर जानेवारी ते एप्रिल सूर्यपक्ष्यांची रीघ असते.

रुएलिया दोन दिसतात. एक उंच, अरुंद लांब पानांची, जांभळ्या फुलांची. दुसरी बुटकी, रुंद पानांची, जाड कंदमुळ्यांची, जिच्या वाळक्या शेंगा मुले पाण्यात टाकून फोडतात. दोघींच्या शेंगा तडकून बी काही फुटांवर उडते आणि ओले झाले की बुळबुळीत होऊन फरशीला, चपलेला चिकटते. फटींतली रोपे अशी येतात. ठेवायचीच असेल तर फुले गळल्यावर आठवड्यातून एकदा, शेंगा हिरव्या असतानाच, वरचे शेंडे कात्रीने काढा. तपकिरी झालेली शेंग हात लागताच फुटते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एक फूट खोल विटांची किंवा प्लास्टिक पत्र्याची अडवणारी भिंत गाडा, जमिनीखालचे खोड त्याच्या आत राहील. काढायची ठरली तर खणल्यावर एप्रिल-मेमध्ये उन्हाने माती तापवा: माती सपाट करून एक फूट खोल भिजेल इतके पाणी द्या, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा, कडा पुरा, चार ते सहा आठवडे ठेवा. प्लास्टिक पारदर्शकच हवे, काळ्याखाली माती तेवढी तापत नाही. वरच्या काही इंचांतले बी मरते. खोलवरचे कंद मात्र यातून मरत नाहीत, ते आधी हातानेच काढायचे.

तणनाशकाचा विषय सभेत निघेलच. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. माळ्याने दुकानातून आणून मारणे योग्य नाही, आणि ओढ्याच्या काठी तर नकोच. शिवाय वेडेलियाच्या चकचकीत पानावर एका फवारणीने भागत नाही, कंदवाली वेलही पुन्हा फुटते. मीठ आणि व्हिनेगरचे घरगुती नुस्खे तर अजिबात करू नका. मीठ मातीत राहते आणि पुढे तिथे तुम्हाला हवे ते झाडही येत नाही.

निघालेल्या मालाची विल्हेवाट हा अर्धा विषय आहे. परकी झाडे ओढ्यात आणि टेकडीवर जातात ती बऱ्याचदा बागेच्या कचऱ्यातून. छाटलेला पाला भिंतीपलीकडे टाकला, की काम झाले असे समजले जाते. वेडेलियाच्या काड्या आणि अँटिगोनॉनचे कंद सोसायटीच्या खतखड्ड्यातही घालू नका, तिथली ऊब आणि ओल त्यांना मानवते. काळ्या प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून गच्चीवर किंवा फरशीवर कडक उन्हात तीन-चार आठवडे ठेवा. पिशवी उघडल्यावर काडी बोटांत कडकन मोडली आणि आत हिरवे दिसले नाही, तरच खतात टाका. बी असलेला माल वेगळा ठेवून महापालिकेच्या कचऱ्यात द्या.

आणखी काही झाडांबद्दल सभासद विचारतील म्हणून चटकन सांगतो. मनी प्लांट घरात कुंडीत निर्धोक आहे, तो फुलतच नाही म्हणावे इतका क्वचित फुलतो. पण जमिनीत लावून आंब्यावर चढवला की पाने हात-हातभर होतात आणि झाड झाकून जाते. सिंगोनियम या शोभेच्या वेलीचे तसेच. पानांच्या टोकावर पिल्ले धरणारी मादागास्करची पानफुटी गच्चीच्या पन्हाळीत आणि भेगांत रुजते. कुंडीखाली पसरट ताट ठेवा आणि पिल्ले झाडून गोळा करा. जलपर्णी, गोंडाळ ही पाण्यावर तरंगणारी झाडे टबमध्येही नकोत, टब साफ करताना पाणी गटारात जाते आणि पुढचे पवना, मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांना माहीत आहेच. जलपर्णीचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. टबसाठी कुमुद लावा. बांबूत आपले मानवेलीसारखे बेटाने वाढणारे प्रकार सुरक्षित, पण शोभेच्या पिवळ्या काठीचा धावरा, म्हणजे जमिनीखालून दूर पसरणारा, बांबू लावायचाच असेल तर अडीच फूट खोल जाड प्लास्टिक पत्रा गाडून, दोन इंच जमिनीवर ठेवून लावा. पुदिना तळ कापलेल्या बादलीत लावून ती बादली जमिनीत पुरा. बोगनवेल आणि जास्वंद यांची काळजी करू नका.

ठेकेदाराशी पुढचा करार करताना झाडांची यादी वनस्पतिशास्त्रीय नावांसह लेखी मागा, कारण ‘ग्राउंड कव्हर’ एवढेच लिहिले असेल तर पुन्हा वेडेलियाच येईल. ‘पाणी नको, कीड नाही, काडी टोचली की लागते’ असे ज्याचे वर्णन होते, त्या झाडाबद्दल दोन प्रश्न विचारा: जमिनीवर टेकल्यावर मूळ धरते का, आणि फुलानंतर फळ किंवा शेंग धरते का. करारात देखभालीच्या कलमात पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कुंपणाबाहेरची सहा फुटांची पट्टी तपासणे घाला, आणि त्या फेरीचे पैसे वेगळे लावा. वेगळे पैसे नसतील तर ती फेरी कोणी करत नाही.